आधी वाचा, मग पुसा! – जुना जर्मन वस्तरा ओळखण्याचा एक धडा

मॅगझीनच्या मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही, आणि 'एकोणसाठ' म्हटलं की मनात आधी 'फिफ्टी नाइन' करून घ्यावं लागतं. (रूममेट याच्यावरून अजून छळतात!) पण जो विषय सांगायचाय तो मला इंग्रजीत सांगताच येणार नाही. कारण तो माझ्या आबांचा विषय आहे आणि आबांनी तो मला मराठीत शिकवलाय. तेव्हा चूकभूल पोटात घाला आणि पुढे वाचा.

विषय आहे – वस्तरा. आपण मेसच्या आरशासमोर वापरतो ते प्लॅस्टिकचं रेझर नव्हे. मुठीत मिटणारा, उघडला की चमकणारा, जुन्या मराठी सिनेमात न्हाव्याच्या हातात दिसतो तो. त्यातही जर्मनीहून आलेला जुना वस्तरा. तो कसा ओळखायचा, कुठल्या काळातला हे कसं ठरवायचं आणि घरात सापडला तर काय करायचं, एवढंच या लेखात आहे. आणि काय करायचं नाही, तेही. ते मी स्वतः करून शिकलोय.

घोडा कुठं गेला?

आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. पणजोबा आणि आबा गावचे नाभिक. वडिलांनी पुढे सांगलीत सलून टाकलं आणि मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन' असा रकाना असायचा, तिथे मी 'बिझनेस' लिहायचो. का लिहायचो ते सांगायला नको.

मागच्या दिवाळीत गावच्या घराचा माळा साफ करताना आबांची धोकटी सापडली. धोकटी म्हणजे नाभिकाची चामड्याची पिशवी. आत कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची पितळी वाटी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेले तीन वस्तरे. तिन्ही काळे पडलेले, गंजलेले. मी त्यातला एक गुपचूप बॅगेत टाकून इस्लामपूरला हॉस्टेलवर घेऊन आलो. म्हटलं, चकाचक करून आबांना सरप्राइज देऊ!

वर्कशॉपमध्ये आमचा फिटिंगचा जॉब नुकताच झाला होता, हात सवयीचा होता. एमरी पेपर आणला. आधी जाडा, मग बारीक, शेवटी झिरो नंबर. दोन रात्री घासला. पातं असं चमकायला लागलं की त्यात तोंड दिसावं. रूममेट म्हणाला, "भावा, शोरूम पीस!" मीही खूश.

पुढच्या सुट्टीत तो आबांच्या हातात दिला. आबांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांनी वस्तरा उघडला, अंगठा पात्याच्या मागच्या दांडीवर फिरवला. परत फिरवला. मग उलटा करून दुसऱ्या बाजूने फिरवला.

"आरं, घोडा कुटं गेला?"

"कसला घोडा, आबा?"

"हितं घोडा व्हता न्हवं. घोड्याचा वस्तरा ह्यो. माझ्या बाच्या हातचा."

मी गप्प. त्या दांडीवर काहीतरी अस्पष्ट उठावदार होतं, ते मी गंज समजून घासून काढलं होतं. आबा रागावले नाहीत. वस्तरा मिटून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "धार गेली तर लावता येती बाबा. घोडा कुटनं आनायचा?"

त्या दिवसापासून मी वस्तऱ्यांचा अभ्यास करतोय. उरलेले दोन तरी नीट वाचावेत म्हणून.

आधी भाग समजून घेऊ

पातं म्हणजे कापणारा भाग. त्याची खालची कड धार, वरची जाड कड पाठ. पात्याच्या मागे जी दांडी मुठीपर्यंत जाते तिला इंग्रजीत टँग म्हणतात. आमच्या घरी तिला मान म्हणतात, मीही तेच म्हणतो. मानेच्या पुढे जी वळलेली शेपटी असते ती करंगळी टेकवायला. दोन पट्ट्यांची मूठ, आणि सगळं जोडणारे बारीक पितळी खिळे.

ओळख पटवायची तर सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मान. कारखान्याचं नाव, गाव, देश, चित्र, नंबर, सगळं तिथेच ठोकलेलं असतं. आपलं आयकार्ड जसं गळ्यात, तसं वस्तऱ्याचंही मानेवर! कधी कधी पात्यावरही अक्षरं असतात, पण ती बहुधा ॲसिडने वरवर कोरलेली किंवा सोनेरी मुलामा दिलेली. ती तर एका रात्रीत घासून जातात.

म्हणून नियम पहिला : छाप वाचून, फोटो काढून, वहीत उतरवून होईपर्यंत वस्तऱ्याला काहीही घासायचं नाही. फक्त मऊ फडकं आणि थोडं तेल.

छाप दिसत नसेल तर दोन साधे उपाय. एक, खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च बाजूने, अगदी आडवी धरायची. समोरून प्रकाश टाकला तर अक्षर दिसत नाही, आडव्या प्रकाशात खोलगट भागात सावली पडते आणि अक्षर उठून येतं. दुसरा उपाय आपण सगळ्यांनी लहानपणी केलाय : नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. मानेवर पातळ कागद ठेवून तेच करायचं. मात्र धार उघडी असते हे विसरायचं नाही. धार आधी नीट झाकूनच हे काम करायचं.

सोलिंगन नावाचं गाव

जर्मन वस्तऱ्यावर हमखास सापडणारा शब्द म्हणजे 'सोलिंगन'. हे कारखान्याचं नाव नाही, गावाचं आहे. पश्चिम जर्मनीत वुप्पर नदीकाठी हे शहर आहे आणि कित्येक शतकं तिथे तलवारी, सुऱ्या, कात्र्या, वस्तरे बनत आले. जर्मन लोक त्याला 'पात्यांचं शहर' म्हणतात. आपल्याकडे मिरज म्हटलं की सतार-तंबोरा, तसं तिकडे सोलिंगन म्हटलं की पातं.

आपला आणि सोलिंगनचा संबंध वस्तऱ्याच्याही आधीचा आहे. मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारी आपण इतिहासात वाचतो. परक्या देशातून आलेल्या पात्याला आपल्याकडची मूठ बसवायची, ती फिरंग. त्यातली बरीच पाती जर्मनीतून यायची. म्हणजे पातं तिकडचं आणि हात इकडचा, ही परंपरा जुनीच.

या गावातले कारखानदार चित्रांचे छाप वापरायचे. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हेंकेल्स यांचा जुळ्यांचा छाप, दोन माणसं शेजारी शेजारी उभी. पीटर हेंकेल्स यांनी तो १३ जून १७३१ रोजी तिथल्या सुरीकारांच्या संघाकडे नोंदवला होता. ब्योकर यांचा झाडाचा छाप. फ्रीडरिश हर्डर यांचा पत्त्यातला इस्पिक. रॉबर्ट हर्डर यांची पवनचक्की. डोवो हे नाव तुलनेने नवीन, १९०६ सालचं. डॉर्प आणि फोस या दोन आडनावांची पहिली अक्षरं जोडून झालेलं.

चित्रच का? मला वाटतं याचं उत्तर आमच्या आबांकडे आहे. आबांना इंग्रजी अक्षर येत नाही, जर्मन तर नाहीच. पण पन्नास वर्षं त्यांनी 'घोड्याचा', 'जोडीचा' असं म्हणत वस्तरे ओळखले, तेही डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त. जगभर जिथे जिथे हा माल गेला तिथे वाचता न येणारा कारागीर होताच. त्याच्यासाठी चित्र म्हणजेच नाव. आणि मी नेमकं तेच पुसलं.

छापावरून काळ कसा काढायचा?

आता मुख्य धडा. वस्तऱ्यावर बनवल्याचं साल जवळजवळ कधीच नसतं. पण छापातल्या शब्दांवरून खिडकी ठरवता येते. अलीकडची मर्यादा आणि पलीकडची मर्यादा. इंजिनिअरिंगच्या भाषेत, अप्पर लिमिट आणि लोअर लिमिट!

पहिली खूण : 'जर्मनी' हा इंग्रजी शब्द. जर्मन कारखाने इंग्लंडच्या शेफील्डची नक्कल करून माल खपवतात अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. म्हणून १८८७ साली ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स कायदा करून अशा मालावर मूळ देशाचं नाव घालायला लावलं. हिंदुस्थानातही १८८९ साली तसा कायदा आला आणि अमेरिकेनेही १८९० च्या कायद्याने तेच केलं. त्यामुळे मानेवर 'जर्मनी' असेल तर वस्तरा बहुधा १८९० च्या आसपासचा किंवा नंतरचा. गंमत बघा, 'मेड इन जर्मनी' हा शिक्का खरं तर बदनाम करण्यासाठी लावायला लावला होता आणि पुढे तोच दर्जाची खूण झाला!

दुसरी खूण : गावाचं नाव. वाल्ड, ओलिग्स, ग्रेफ्राट, ह्योशाइड ही सोलिंगनच्या शेजारची स्वतंत्र गावं होती. १ ऑगस्ट १९२९ रोजी ती सोलिंगन शहरात विलीन झाली. त्यामुळे छापात 'सोलिंगनजवळचं वाल्ड' किंवा नुसतं 'ओलिग्स' असं असेल तर वस्तरा साधारणपणे १९२९ च्या आधीचा धरतात. (जुना ठसा काही वर्षं तसाच वापरला गेला असू शकतो, हे लक्षात ठेवायचं.)

तिसरी खूण : 'डी. आर. जी. एम.' ही चार अक्षरं. जर्मन साम्राज्यात छोट्या सुधारणांची नोंदणी करण्याची पद्धत १८९१ मध्ये सुरू झाली, तिचं हे संक्षिप्त रूप. म्हणजे ही अक्षरं असलेला वस्तरा १८९१ च्या आधीचा असूच शकत नाही.

चौथी खूण : 'वेस्ट जर्मनी' किंवा 'डब्ल्यू. जर्मनी'. हे सगळ्यात सोपं. देश १९४९ मध्ये दोन झाले आणि १९९० मध्ये एक झाले. वस्तरा त्या मधला.

पाचवी गोष्ट खूण नाही, सावधगिरी आहे. 'सोलिंगन' हे नाव १९३८ च्या जर्मन कायद्याने संरक्षित केलं. त्या भागात न बनलेल्या मालावर ते घालता येत नाही. पण कायदा जर्मनीत. खोटा ठसा कुठेही बनतो. स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं वाकडी, पातं एका बाजूला जास्त घासलेलं, मूठ ढिली असं दिसलं की नाव काहीही असो, हात मागे घ्यायचा. शिवाय खऱ्या सोलिंगनच्या मालावरही पुष्कळदा कारखान्याचं नाव नसतं, विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. त्यामुळे नाव सापडलं म्हणजे बनवणारा सापडलाच असं नाही.

व्हर्निअर काढा

छाप झाल्यावर माप. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात : ४/८, ५/८, ६/८. हे ऐकल्यावर मला आधी विचित्र वाटलं. मग वर्कशॉपमधले आपले मिस्त्री मामा म्हणाले, "अरे, म्हणजे सूतच की!" खरंच! एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे जर्मन वस्तरा हा पाच सुती नाहीतर सहा सुती. एका फटक्यात सगळं डोक्यात बसलं.

मग पात्याचा आडवा छेद. जुने शेफील्डचे वस्तरे, उदाहरणार्थ वेड अँड बुचर यांचे, पाचरीसारखे. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार, जड, भक्कम. सोलिंगनचे नंतरचे वस्तरे दोन्ही बाजूंनी गोल चाकांवर आत खोदून घासलेले, पोकळ. चाकाचा व्यास जितका लहान तितकी पोकळी खोल आणि धारेजवळ पातं तितकं पातळ. असा वस्तरा दाढी करताना बारीक आवाज करतो. आबा म्हणतात, "चांगला वस्तरा बोलतो." मला आधी ही काव्यात्मक कल्पना वाटली होती, पण पातळ पत्रा कंप पावतो एवढं साधं फिजिक्स आहे ते!

टोकाचीही नोंद करायची : गोल, चौकोनी, तिरकं, की वर छोटी खाच असलेलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वस्तऱ्याची पाठ जाड का? मजबुतीसाठी, असं मी आधी लिहिलं असतं. पण धार लावताना वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. म्हणजे पाठ हीच गेज आहे! धारेचा कोन कारखान्यानेच भूमितीत बांधून दिलाय. माझ्या एका वस्तऱ्याच्या पाठीची जाडी ४.४ मिमी आणि पाठ टेकते तिथपासून धारेपर्यंत अंतर १५ मिमी. जाडीचा अर्धा २.२, त्याला १५ ने भागलं की ०.१४७. त्याचा साइन इन्व्हर्स साधारण ८.४ अंश, दुप्पट केला की जवळजवळ १७ अंश. आबांनी आयुष्यात कोनमापक हातात धरला नाही आणि प्रत्येक वेळी १७ अंशाची धार लावली. कारण धार झिजते तशी दगडावर पाठही झिजते आणि कोन फारसा हलत नाही. आपण याला फूल-प्रूफ डिझाइन म्हणू आणि प्रेझेंटेशन करू!

याच झिजण्यातून आणखी एक गोष्ट वाचता येते. पाठीवर चपटी, चमकदार पट्टी दिसते. पट्टी अरुंद तर वस्तरा कमी वापरलेला. रुंद तर वर्षानुवर्षं दगडावर गेलेला.

मूठ

मूठ कशाची आहे हेही काळ सांगायला मदत करतं. शिंग, हस्तिदंत, लाकूड, कडक रबर, सेल्युलॉइड, बेकेलाइट आणि नंतर प्लॅस्टिक. शिंग टॉर्चसमोर धरलं तर पातळ कडेला प्रकाश झिरपतो आणि आत तंतू दिसतात. हस्तिदंताची मूठ दिसली तर ती विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

सेल्युलॉइड दिसायला सुंदर, पण धोकादायक. ते जुनं झालं की हळूहळू विघटित होतं आणि त्यातून आम्लारी वाफ सुटते. मूठ चिरते, कुजते आणि तिच्यात मिटलेलं पातं गंजून जातं. अशी मूठ असेल तर वस्तरा बंद डबीत, इतर वस्तऱ्यांबरोबर ठेवायचा नाही. आणि 'तापलेली सुई टोचून बघ' असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

पुसायचं कसं?

छाप वाचला, माप घेतलं, मूठ ओळखली. आता पुसायला हरकत नाही, पण पुसायचं म्हणजे चमकवायचं नव्हे. लाल गंज जिवंत असतो, तो वाढतो, तो काढायचा. काळा-राखाडी डाग बसलेला असतो, तो राहू द्यायचा. तेल लावून रात्रभर ठेवायचं, मग मऊ फडक्याने हळूहळू. मानेवरच्या छापाला तेलाशिवाय काहीच नाही. गंज काढणाऱ्या ॲसिडच्या बाटल्या नकोत. आणि शेवटी तेलाचा हलका हात देऊन कोरड्या जागी.

आणि कुणी वर्कशॉपमधल्या बेंच ग्राइंडरवर न्यायचा विचार करत असेल तर थांबा! मटेरियल सायन्सचं जर्नल काढा. या पात्यात कार्बन साधारण १ टक्का किंवा त्याहून जास्त, स्टेनलेस नव्हे. ते कडक करून मग कमी तापमानाला टेंपर केलेलं असतं. धारेची कड इतकी पातळ की ग्राइंडरवर क्षणात तापते. निळा रंग आला म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस झालं आणि तिथला कडकपणा गेला. तो परत आणायचा तर सगळं हीट ट्रीटमेंट नव्याने.

एक महत्त्वाचं. बाजारातून आणलेल्या जुन्या वस्तऱ्याने दाढी करायची नाही. मौजेखातर सुद्धा नाही. रक्तातून पसरणारे आजार, हेपटायटिस बी असो की एचआयव्ही, हा गंमतीचा विषय नाही. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले आणि त्यानंतरच्या काळात सलूनमध्ये 'नवीन गिऱ्हाईक, नवीन ब्लेड' ही पद्धत रूढ झाली. अर्धं ब्लेड घालायचा फोल्डिंग रेझर आला आणि पोलादी वस्तरा धोकटीत गेला. आमच्या घरात हा बदल वडिलांनी केला. आबा चार दिवस बोलले नाहीत म्हणे. पाचव्या दिवशी स्वतःच धोकटी माळ्यावर ठेवली. "गिऱ्हाइकाच्या जिवापेक्षा वस्तरा मोठा न्हाई," हे त्यांचं वाक्य वडील अजून सांगतात.

छाप जे सांगत नाही

आता उरलेल्या दोन वस्तऱ्यांचा निकाल सांगतो.

एकावर 'डब्ल्यू. जर्मनी' आणि एका दुकानदाराचं नाव. म्हणजे १९४९ ते १९९०. आबा म्हणाले, तो त्यांनी स्वतः लग्नानंतर सांगलीत घेतला, ओळखीने मिळाला. ते बरोबरच असणार. १९५७ नंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी वस्तू सहज मिळत नव्हती.

दुसऱ्यावर जुळे. दोन छोटी माणसं, खाली हेंकेल्स हे नाव आणि 'जर्मनी'. 'वेस्ट' नाही, म्हणजे बहुधा १९४९ च्या आधीचा. इंग्रजीत 'जर्मनी' आहे, म्हणजे साधारण १८९० नंतरचा. शिवाय दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन माल येणं बंद होतं. म्हणजे १९१४ च्या आधी, नाहीतर १९१९ ते १९३९. तरीही खिडकी जवळजवळ अर्ध्या शतकाची.

मग मी आबांना विचारलं, "आबा, हा जोडीचा कधी घेतलेला?"

"माझ्या बानं घेतला. तासगावच्या मोर्च्याच्या आदी चार-पाच वर्सं. कोरा, कागदी डबीतला. म्या तवा जन्मलो बी न्हवतो, पर बा सांगायचा."

तासगावचा मोर्चा, म्हणजे चले जाव चळवळीत लोकांनी मामलेदार कचेरीवर नेलेला, ३ सप्टेंबर १९४२ चा. त्यातून चार-पाच वर्षं वजा करा : १९३७-३८. खिडकीत चपखल बसतं! छापाने जे पन्नास वर्षांवर आणून सोडलं होतं, ते आठवणीने दोन वर्षांवर आणलं. आणि आठवण खरी आहे का, ते छापाने तपासून दिलं. दोन्ही लागतात. एकट्या छापावर किंवा एकट्या आठवणीवर हे झालं नसतं.

त्या दिवशी आबा बराच वेळ बोलत होते. बलुत्याच्या काळात वर्षाला धान्य मिळायचं, पैसे नव्हे. सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायचा. त्यात सांगलीहून जर्मन वस्तरा रोख पैसे देऊन आणायचा म्हणजे केवढी गोष्ट! पणजोबांनी त्यासाठी काय विकलं होतं हे आबांना माहीत आहे, पण ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं, म्हणून इथे लिहीत नाही.

मला शाळेत जे सांगायची लाज वाटायची, त्याबद्दलही थोडं वाचलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम, चूक आहे म्हणून, नाकारायचं! हे आपल्या पाठ्यपुस्तकात आलं असतं तर त्या रकान्यात मी कदाचित वेगळं काही लिहिलं असतं. पुढच्या फॉर्मवर तरी लिहीन.

घरी गेल्यावर हे करा

हॉस्टेलवर आपण सगळे गावाकडून आलोय. कुणाच्या घरी वस्तरा असेल, कुणाच्या घरी अडकित्ता, तांब्या, मोटेची चाकं, आजीचं शिवणयंत्र. सगळ्यांवर कुठे ना कुठे छाप असतो. माझी वही मी अशी आखलीय, तुम्हालाही उपयोगी पडेल : वस्तू कुठे सापडली; छाप जसाच्या तसा, पेन्सिलने घासून; माप; साहित्य; काळाची खिडकी, आणि ती कशावरून. शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेवा : कुणी वापरली, कुणी सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. तो रकाना भरायला व्हर्निअर लागत नाही, पण तो भरायची मुदत मात्र आपल्या हातात नसते.

घासलेल्या वस्तऱ्याचा कारखाना मला अजून सापडलेला नाही. मानेच्या मागच्या बाजूला 'सोलिंगन'ची शेवटची तीन-चार अक्षरं तेवढी शिल्लक आहेत. नुसता 'घोडा' एवढ्यावरून नाव सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आबांपुढे वही आणि पेन्सिल ठेवली. म्हटलं, "आबा, घोडा काढून दाखवा." त्यांनी पेन्सिल वस्तरा धरतात तशी धरली. डोळे मिटले. डाव्या हाताचा अंगठा दुसऱ्या बोटावर फिरवत राहिले, जणू ती मान अजून हातात आहे. मग काढला. तोंड डावीकडे, पुढचा एक पाय वर, शेपटी ताठ, पाठीवर स्वार नाही. दिसायला थोडा बकरीसारखा आलाय. ते आबांनीच हसत सांगितलं.

तो कागद मी वहीत चिकटवलाय. कुणाच्या घरी असा घोडा असलेला वस्तरा निघाला, तर कृपया मला सांगा. आणि तोपर्यंत त्याला हात लावू नका!